घरगुती ध्वनिमुद्रणासाठी मिडी कीबोर्डची निवड

विज्ञानाच्या एखाद्या शोधाचा उपयोग सामान्य माणसाला व्हावयाचा असेल, तर तो शोध काय करतो एवढेच समजून भागत नाही. तो काय करीत नाही हेही समजावे लागते. मिडी कीबोर्डच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची ती सुबक वस्तू पाहिली की ती पेटीची किंवा पियानोची धाकटी बहीण असावी असे वाटते. प्रत्यक्षात तिच्यात एकही सूर नसतो. तारेने ती संगणकाला जोडली नाही, तर कितीही बडवली तरी खट् खट् एवढाच आवाज होतो. ही वस्तू म्हणजे नेमके काय आणि आपल्याकडच्या भजन-भावगीत-नाट्यगीत गाणाऱ्या घरात ती घ्यावयाची झाल्यास कोणत्या कसोट्या लावाव्यात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मी पदार्थविज्ञान शिकवतो आणि हौसेने पेटी वाजवतो. राहतो काचीगुड्यात. १९१६ साली निझामाच्या रेल्वेने बांधलेले काचीगुडा स्टेशन आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. एके काळी मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करीत येणारी मीटरगेज इथेच थांबत असे, आणि त्या गाडीने मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबे हैदराबादेत आली. आमची आत्या त्यांपैकीच एक. तिचे वय आज ब्याऐंशी आहे. जात्यावरच्या ओव्या, पाळणे आणि खेड्यातल्या भजनी मंडळाची पदे मिळून साठ-सत्तर रचना तिला चालींसकट पाठ आहेत. त्यांतील बऱ्याचशा मला कोणत्याही छापील पुस्तकात आढळल्या नाहीत. डॉक्टरांनी तिला दम लागेल असे गाऊ नये म्हणून सांगितले आहे. तेव्हा जे काही मुद्रित करावयाचे ते लवकर, घरीच आणि थोडे थोडे करून, हे उघड होते. हा लेख म्हणजे त्या निमित्ताने झालेल्या अभ्यासाचे सार आहे.

मिडी म्हणजे काय?

१९८० च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक वाद्ये बनविणाऱ्या प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी होती; एका कंपनीचे वाद्य दुसरीच्या वाद्याशी बोलू शकत नसे. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेऊन सर्वांसाठी एक सामाईक भाषा ठरविली. जानेवारी १९८३ मध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये, प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६, एका तारेने जोडून दाखविण्यात आली. हीच मिडी. तिच्या वापरासाठी कोणाला मोबदला द्यावा लागत नाही, म्हणूनच ती टिकली आणि जगभर पसरली. २०२० साली तिची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तरी घरगुती कामाला १९८३ ची मूळ भाषाच अजून पुरते.

या भाषेत आवाज नसतो, आज्ञा असतात. तुम्ही पट्टी दाबली की तीन आकडे जातात: कोणत्या वाहिनीवर सूर सुरू करावयाचा, कोणता सूर आणि किती वेगाने पट्टी दाबली. पट्टी सोडली की सूर बंद करण्याची आज्ञा जाते. सुरांना ० ते १२७ असे क्रमांक आहेत. पियानोच्या मध्यावरील पांढरी एक म्हणजे ६०. वाहिन्या १६ आहेत. आवाज निर्माण करण्याचे काम संगणकातील सॉफ्टवेअर करते. पत्त्यावर पोचणारे पत्र आणि प्रत्यक्ष भेटावयास आलेला माणूस यांत जो फरक, तोच मिडी आणि ध्वनिमुद्रण यांत आहे असे म्हणावयास हरकत नाही.

यातून दोन फायदे होतात. पहिला काचीगुड्यासारख्या वस्तीला फार मोलाचा आहे. खरी पेटी मायक्रोफोनसमोर वाजवली, तर तिच्याबरोबर इंजिनाची शिट्टी, रिक्षाचा भोंगा आणि शेजारच्या कुकरची शिट्टीही मुद्रित होते. मिडीच्या पेटीत यांतले काहीच शिरत नाही. दुसरा फायदा पट्टी बदलण्याचा. आत्याने एक पद पहिल्यांदा काळी चार मध्ये म्हटले. पंधरा दिवसांनी तिला तेवढे चढेना, पांढरी तीन हवी झाली. खऱ्या पेटीची साथ पुन्हा वाजवावी लागली असती. मिडीत प्रत्येक सुराच्या क्रमांकातून ४ वजा करावयाचे, म्हणजे ५६ चा षड्ज ५२ वर येतो, आणि साथ जशीच्या तशी राहते.

मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. गळा मिडीत मुद्रित होत नाही. गाण्यासाठी मायक्रोफोन आणि त्याचा आवाज संगणकात नेणारा ऑडिओ इंटरफेस हे वेगळे घ्यावेच लागतात. पैसे मोजके असतील, तर आधी चांगला मायक्रोफोन घ्यावा आणि उरलेल्या पैशांत कीबोर्ड. गाणे नीट आले तर साथ नंतर कधीही भरता येते. उलट होत नाही.

पट्ट्या किती हव्यात?

बाजारात २५, ३७, ४९, ६१ आणि ८८ पट्ट्यांचे कीबोर्ड मिळतात. आपल्या पेटीला साधारण तीन ते साडेतीन सप्तके असतात. तेव्हा केवळ 'लहान-मोठा' असा विचार न करता गाणाऱ्याच्या पट्टीवरून हिशेब करावा.

समजा, २५ पट्ट्यांचा कीबोर्ड पांढरी एकपासून सुरू होतो आणि गाणारी बाई काळी चार मध्ये गाते. खालच्या सप्तकातील काळी चार हा षड्ज धरला, तर खाली मंद्र पंचम मिळतो, पण वर शेवटची पट्टी तार गंधाराची. तार मध्यम लागला की पट्ट्या संपल्या. ३७ पट्ट्या असतील, तर त्याच षड्जापासून मंद्र गंधार ते तार पंचम आणि थोडे वर एवढा पल्ला मिळतो. भजन व भावगीत यांना तो पुरतो. ४९ मध्ये षड्ज एक सप्तक वर धरता येतो, तेव्हा मंद्र सप्तक पूर्ण आणि तार पंचमाच्याही पुढे जाता येते. नाट्यगीताच्या साथीला हाच पल्ला सोयीचा.

कीबोर्डवर सप्तक वर-खाली करण्याची बटणे असतात आणि षड्ज पांढरी एकवर आणण्याचीही सोय असते, हे खरे. परंतु गाणे ऐन रंगात आले असता बटण कोण शोधणार? शिवाय काळी चारची बोटे ज्याच्या हातात वर्षानुवर्षे बसली आहेत, त्याला पांढरी एकमध्ये वाजवावयास सांगणे म्हणजे उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डाव्या हातात लेखणी देण्यासारखे आहे. ८८ पट्ट्यांचा वजनदार कीबोर्ड पियानो शिकणाऱ्यासाठी आहे. आपल्या खोलीत तो मावत नाही, आणि मावला तरी त्याच्या जड पट्ट्या पेटीवाल्याच्या हाताला मानवत नाहीत.

पट्टीचा स्पर्श आणि भात्याचा प्रश्न

पेटीवाल्याने येथे थोडे थांबावे. पियानोची पट्टी जोरात दाबली तर आवाज मोठा निघतो. मिडी कीबोर्ड हेच गृहीत धरतो. दाबण्याचा वेग १ ते १२७ असा मोजतो. पेटीचे शास्त्र निराळे आहे. पट्टी कशीही दाबा, सूर तेवढाच; आवाजाचा चढउतार भात्यातून येतो. त्यामुळे पेटीचा आवाज लावून मिडी कीबोर्ड वाजवला, की काही सूर विनाकारण ओरडतात आणि काही दबतात. उपाय सोपा आहे. कीबोर्डमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये वेग 'स्थिर' करण्याची सोय असते. ती वापरून सर्व सूर ९० किंवा १०० वर ठेवावेत. ही सोय कीबोर्डमध्येच आहे किंवा कसे, हे घेण्यापूर्वी विचारावे. जलतरंग, संतूर किंवा तबला यांचे आवाज वाजवताना मात्र वेगाची नोंद पुन्हा चालू करावी.

मग भात्याचे काय? बहुतेक कीबोर्डांच्या डाव्या टोकाला दोन चाके असतात. एक सूर वर-खाली ओढते व सोडले की मध्यावर परत येते; दुसरे, ज्याला मॉड्युलेशन चाक म्हणतात, ते सोडाल तेथे राहते. पेटीवाल्याचा डावा हात भात्याचाच! म्हणून या दुसऱ्या चाकाला नियंत्रण क्रमांक ११ द्यावा. मिडीत हा क्रमांक आवाजाच्या उठावासाठी राखून ठेवलेला आहे. चाक पुढे केले की भाता भरला, मागे घेतले की श्वास उतरला. दोन दिवसांच्या सरावाने ओळींचे उठाव व विराम जमू लागतात आणि साथ यंत्रासारखी सपाट वाटत नाही.

लहान कीबोर्ड घेताना हे विशेष पाहावे. उदाहरणार्थ, अकाईच्या एमपीके मिनी या २५ पट्ट्यांच्या लोकप्रिय कीबोर्डच्या काही आवृत्त्यांना चाकांऐवजी छोटी दांडी आहे. सोडली की ती मध्यावर परत येते. तालवाद्यांसाठी त्यावर आठ गाद्या आहेत, त्या उत्तम. पण भात्याचे काम त्या दांडीने होत नाही, आणि पट्ट्याही बारीक आहेत. एम-ऑडिओच्या कीस्टेशन ४९ ला पूर्ण मापाच्या पट्ट्या व दोन्ही चाके आहेत. आर्टुरियाचा कीस्टेप ३७ सडपातळ पट्ट्यांचा आहे, पण त्याला जुन्या पद्धतीची पाच दांड्यांची मिडी जोडणीही आहे. जुने वाद्य जोडावयाचे असेल तर ती उपयोगी. मी नावे घेतली ती केवळ फरक दाखविण्यासाठी. कंपनीपेक्षा कसोटी महत्त्वाची.

वेळेचा विलंब

पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा आला तर ताल सुटतो. दोष कीबोर्डला दिला जातो. पण हिशेब करून पाहा. मूळ मिडी तारेतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात. एका सुराच्या आज्ञेला ३० बिट लागतात, म्हणजे जेमतेम एक सहस्रांश सेकंद. खरा विलंब संगणकात होतो. संगणक आवाजाचे नमुने गठ्ठ्यागठ्ठ्यांनी पाठवतो. सेकंदाला ४४,१०० नमुने असताना १०२४ चा गठ्ठा भरावयास सुमारे २३ सहस्रांश सेकंद लागतात. २५६ चा गठ्ठा केला तर ६ पेक्षा कमी.

तुलनेसाठी सांगायचे, तर आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. १० सहस्रांश सेकंदांचा विलंब म्हणजे पेटी साडेतीन मीटरवरून ऐकण्यासारखे आहे. बैठकीत तेवढे आपण नेहमीच ऐकतो. २३ म्हणजे पेटी आठ मीटरवर! तेव्हा वाजवताना गठ्ठा २५६ किंवा १२८ वर ठेवावा. महागडा कीबोर्ड घेऊन हा विलंब कमी होत नाही.

गंधाराचा प्रश्न

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. सर्व जोडाजोड झाल्यावर आत्याला मी एका भूपाच्या अंगाच्या पदाची साथ ऐकवली. ती दोन ओळी गायली आणि थांबली. म्हणाली, "पेटी गोड आहे रे, पण गंधार टोचतो."

हे तिच्या वयाचे किंवा सवयीचे खूळ नव्हे. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, तेव्हा मींड व गमक पेटीवर निघत नाहीत या आक्षेपाबरोबर समविभागी स्वरांचा आक्षेपही होताच. ती बंदी १९७१ नंतर हळूहळू सैल झाली. मधल्या काळात कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे, बेळगावचे रामभाऊ विजापुरे, मराठवाड्याचे अप्पा जळगावकर अशा वादकांनी पेटीला मानाचे स्थान मिळवून दिले. कन्नड विभागाच्या वाचकांनाही ही परंपरा परकी नाही. बेळगाव-धारवाडच्या बैठकांत पेटीच्या साथीला भाषेची सीमा कधीच नव्हती. वादकांच्या कौशल्याने पेटी मान्य झाली, पण गणित बदलले नाही.

गणित असे. सप्तकाचे १२०० सेंट मानले, तर समविभागी गंधार ४०० वर येतो. तंबोऱ्याच्या षड्जातून नैसर्गिकरीत्या उमटणारा गंधार, म्हणजे ५:४ प्रमाणाचा, ३८६ वर असतो. फरक १४ सेंटचा. काळी चारचा षड्ज २०७.६५ कंपनांचा धरा. त्याचा पाचवा उपस्वर १०३८ च्या आसपास येतो. कीबोर्डचा गंधार २६१.६३ कंपनांचा, त्याचा चौथा उपस्वर १०४६.५. दोहोंत सेकंदाला ८ विस्पंद! ते म्हणजेच 'टोचणे'. पंचमाचे पाहा: तेथे फरक अवघा २ सेंट, आणि विस्पंद सेकंदाला एकाहूनही कमी. म्हणून पंचम कोणाला टोचत नाही. आत्या शाळेत चौथीपर्यंत शिकली. पण जे मी फळ्यावर मांडतो ते तिच्या कानाने मोजले होते.

यावर उपाय काय? सूर ओढण्याच्या चाकाने गंधार उतरवता येईल असे वाटते. मध्यापासून टोकापर्यंत ८१९२ पायऱ्या आणि सामान्यतः दोन अर्धस्वरांचा पल्ला. म्हणजे १४ सेंटसाठी सुमारे ५७३ पायऱ्या. बोटाने हे अचूक साधत नाही. शिवाय ते चाक संपूर्ण वाहिनीला ओढते: गंधाराबरोबर षड्जही उतरतो. खरा उपाय म्हणजे स्वरसारणी. बऱ्याच सॉफ्टवेअर-वाद्यांत प्रत्येक स्वराची जागा सेंटमध्ये देता येते. सर्ज एक्सटी हे विनामूल्य वाद्य अशी सारणी स्वीकारते. रिषभ २०४, गंधार ३८६, पंचम ७०२, धैवत ८८४ येथून सुरुवात करावी आणि तंबोरा लावून गाणाऱ्याच्या कानाने शेवटचा निर्णय घ्यावा, कारण राग आणि गळा यांप्रमाणे या जागा सरकतात. आणखी एक सावधगिरी: साथ चार सुरांनी खाली आणली, तर सारणीचा षड्जही चार सुरांनी खाली आणावा. नाहीतर स्वरांच्या जागा चुकतील.

निवडीच्या दृष्टीने यातून महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. स्वराची जागा सॉफ्टवेअर ठरवते, कीबोर्ड नव्हे. म्हणून 'भारतीय संगीतासाठी खास' म्हणून अधिक पैसे मागणारा कीबोर्ड घेण्याचे कारण नाही. एका दुकानदाराने मला शेकडो आवाज व ताल भरलेला ६१ पट्ट्यांचा स्वयंपूर्ण कीबोर्डच घ्या म्हणून बराच आग्रह केला. ती वस्तू वाईट नव्हे. लग्नाच्या वाद्यवृंदाला ती हवीच. पण तिच्यात स्वरांच्या जागा बदलण्याची सोय आहे का, असे विचारल्यावर उत्तर मिळाले नाही. स्वयंपूर्ण कीबोर्ड घेणाऱ्याने हा प्रश्न अवश्य विचारावा, कारण तेथे आवाज यंत्रातच कोंडलेला असतो.

मी शेवटी ४९ पूर्ण मापाच्या, हलक्या पट्ट्यांचा, दोन चाकांचा साधा कीबोर्ड घेतला. तारा व किरकोळ जोडण्या कोठीच्या गुजराती गल्लीत मिळाल्या. खिडक्यांना गोधड्या बांधून, गाडी गेल्यानंतरच्या शांततेत आम्ही गाणे मुद्रित करतो. साथ मी आधी भरून ठेवतो आणि ती आत्याला कानावरच्या हेडफोनने ऐकवतो. सारणी बदलून तेच पद पुन्हा लावले, तेव्हा ती काही बोलली नाही; डोळे मिटून पूर्ण पद म्हणाली. मग म्हणाली, "आता बसला." आजवर एकवीस पदे झाली आहेत. उरलेली तिच्या श्वासावर आहेत.

सारांश

विद्यार्थी मित्रांच्या सोयीसाठी कसोट्या पुन्हा एकत्र देतो.

१) आधी मायक्रोफोनचे पैसे बाजूला काढावेत, मग कीबोर्डचे.
२) गाणाऱ्याची पट्टी विचारून पट्ट्यांची संख्या ठरवावी: भजनाला ३७, नाट्यगीताला ४९.
३) पेटीवाल्याने हलक्या, पूर्ण मापाच्या पट्ट्या घ्याव्यात, वजनदार नकोत.
४) सोडाल तेथे राहणारे चाक असावे, तोच आपला भाता.
५) दाबण्याचा वेग स्थिर करता यावा.
६) विलंबाचा उपाय संगणकात शोधावा, किमतीत नव्हे.
७) स्वरांच्या जागा बदलू देणारे सॉफ्टवेअर आधी निवडावे.

दुकानात जाताना घरातील जाणत्या गाणाऱ्याला बरोबर न्यावे. जाणे शक्य नसेल तर निदान त्याची पट्टी कागदावर लिहून न्यावी. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी एखादी आजी, आत्या किंवा अज्जी असेल, जिच्या गळ्यात मराठी किंवा कन्नड गाणी आहेत आणि ती कोणी लिहून घेतलेली नाहीत. कीबोर्ड पुढच्या वर्षीही मिळेल, कदाचित स्वस्तही मिळेल. गाण्याचे तसे नाही. तेव्हा कीबोर्ड येईपर्यंत वाट न पाहता, हाताशी असेल त्या फोनवर पहिले पद आजच मुद्रित करून ठेवावे, एवढीच विनंती.